गॅस ओव्हनचा इग्नायटर लाल होतो पण ओव्हन पेटत नाही, काय बघू?

रेवती_एडिसन:
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीला असते, घर स्वतःचं, त्यामुळे लँडलॉर्डला फोन करायची सोय नाही. गॅस रेंज आधीच्या मालकांची, दहा-बारा वर्षं जुनी असावी. वरचे चारही बर्नर टकटक करून लगेच पेटतात, त्यांना काही झालेलं नाही. खालचा ओव्हन मात्र बेकवर ठेवला की पेटत नाही. उन्हाळ्यापासूनच प्रीहीटला वेळ लागायला लागला होता, आधी पाव तासात ३५० फॅरनहाइटला जायचा तो नंतर अर्धा-पाऊण तास घ्यायला लागला, मी म्हटलं जुना झालाय, चालायचंच. खालच्या पत्र्याच्या फटीतून डोकावलं तर आत एक चपटी कांडी नारिंगी झालेली दिसते. काल ती बराच वेळ नुसती तशीच तापत राहिली आणि मग एकदम भप्प करून पेटलं, दाराची काच थरथरली. आज तर पेटलंच नाही आणि गॅसचा किंचित वास आला म्हणून बंद करून खिडक्या उघडल्या. ब्रॉइल लावलं की वरचा बर्नर व्यवस्थित पेटतो. एका टेक्निशियनने फोनवरच सांगितलं की कंट्रोल बोर्ड गेलाय, आणि आकडा ऐकून नवीन रेंजच घ्यावी असं वाटलं. दिवाळी तोंडावर आलीय, चिवड्याचे पातळ पोहे मी दरवर्षी ओव्हनमध्येच २०० वर कुरकुरीत करून घेते, कढईत परतताना ते आकसतात. कुणाला असा अनुभव आहे का?

बाबूराव_ऑनलाइन:
पत्रा काढून लांब लायटरने पेटवून बघा, आमच्याकडे तसंच करतात.

पाना_पक्कड:
रेवतीताई, आधी हे ऐका, काडी किंवा लायटर घेऊन त्या ओव्हनमध्ये हात घालू नका. बाबूराव, तुमच्याकडचा ओव्हन वेगळा असणार, हा तसा नाही. ह्यात इग्नायटर, म्हणजे तुम्हाला दिसली ती चपटी कांडी, तापल्याशिवाय व्हॉल्व्ह गॅस सोडतच नाही, म्हणजे काडी लावून पेटायला तिथे काही नसतं, आणि व्हॉल्व्ह अर्धवट उघडून आत गॅस साठला असेल तर तो थेट तोंडासमोर भडकतो. कालचं भप्प म्हणजे तेच. दुरुस्त होईपर्यंत बेक लावूच नका. आणि वास जोरात आला, किंवा ओव्हन बंद करूनही येत राहिला तर दिव्याचं बटणसुद्धा न दाबता सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि बाहेरून गॅस कंपनीला नाहीतर ९११ ला फोन करायचा.

आता तुमच्या प्रश्नाचं. मी ह्यूस्टनला अप्लायन्स रिपेअरच करतो आणि ही तक्रार सारखी येते. लाल होतोय म्हणजे इग्नायटर चांगला आहे असं सगळ्यांना वाटतं आणि नेमके इथेच लोकांचे पैसे जातात. इग्नायटर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह एकाच सर्किटमध्ये सिरीजला असतात, जो करंट इग्नायटरमधून जातो तोच व्हॉल्व्हमधून जातो. व्हॉल्व्हमध्ये एक बायमेटलची पट्टी असते, ती त्या करंटने तापून वाकते तेव्हा गॅस सुटतो. इग्नायटर जुना झाला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, करंट कमी होतो, तो दिसायला लाल दिसतो पण पट्टी पुरेशी वाकत नाही. मग आधी उशिरा पेटतं, मग भप्प करून पेटतं, मग पेटतच नाही. तुम्ही उन्हाळ्यापासूनचं जे लिहिलंय ते अगदी ह्याच क्रमाने आहे. बोर्ड गेला असता तर कांडी लालच झाली नसती, बोर्ड वीज सोडतोय म्हणूनच ती तापतेय. ब्रॉइल पेटतंय म्हणजे गॅसही येतोय. तेव्हा बोर्डाचे पैसे अजिबात देऊ नका.

खात्री करायची तर क्लॅम्प मीटर लागतो, वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा. इग्नायटरच्या दोन वायरींपैकी एकाच वायरीभोवती क्लॅम्प लावायचा, दोन्ही एकत्र धरल्या तर शून्य दाखवेल. तुम्ही चपटी कांडी म्हणताय, त्या प्रकाराला साधारण ३.२ ते ३.६ अँपिअर लागतात, गोल पिळाच्या कांडीला २.५ ते ३. तुमच्या चपटीचं रीडिंग तीनाच्या खाली असेल तर कांडी गेली. बेक फक्त हे मोजण्यापुरतंच लावायचं, मिनिटभराचंच काम आहे, रीडिंग मिळालं की लगेच बंद करा, आणि वास आला तर रीडिंगचा नाद सोडा. नुसत्या मल्टीमीटरने थंड असताना ओहम बघून निर्णय घेऊ नका, कमजोर कांडीसुद्धा त्यात ठीकठाक दिसते.

मोगरा७८:
कांडी स्वतः बदलता येते का हो? माझीही अशीच रेंज आहे, मी अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहते.

पाना_पक्कड:
ताई, भाड्याचं असेल तर हात लावू नका, मालकाला ईमेल करा आणि गॅसचा वास, भप्प आवाज हे शब्द त्यात स्पष्ट लिहा, रेंज त्यांची आहे तर दुरुस्तीही त्यांनीच करायची.

रेवतीताई, तुम्हाला जमेल. मॉडेल नंबर दाराच्या चौकटीवर नाहीतर खालचा ड्रॉवर काढला की आतल्या पट्टीवर असतो, त्यावरूनच पार्ट मागवा. युनिव्हर्सल म्हणून विकतात त्यात अँपिअर जुळत नसेल तर तोच त्रास पुन्हा. चपट्याच्या जागी चपटाच. रेंजचा प्लग काढा, साधा १२० व्होल्टचाच असतो, आणि मागचा गॅसचा कॉकही बंद करा. रॅक काढा, तळाचा पत्रा बहुतेक मागच्या बाजूला दोन स्क्रूवर असतो, तो उचलला की बर्नरच्या कडेला इग्नायटर दिसेल, तोही दोन स्क्रूवरच. ते स्क्रू गंजून अडकलेले असतात, जोर लावून डोकं उडवण्यापेक्षा थोडं पेनिट्रेटिंग ऑइल टाकून थांबा आणि नंतर ते नीट पुसून घ्या. नव्या कांडीचा राखाडी भाग बोटाने धरू नका, बोटाचं तेल लागतं आणि कांडी ठिसूळ असते, पोर्सिलिनच्या बुडाला धरा. वायर जोडायला सिरॅमिकच्याच टोप्या वापरा, त्या बहुतेक पार्टबरोबर येतात, प्लॅस्टिकच्या तिथे वितळतात.

आणि तळाच्या पत्र्यावर फॉइल अंथरलेलं असेल तर ते आजच काढा. तुपाचे डाग पडू नयेत म्हणून आपल्याकडे बऱ्याच घरी अंथरतात, पण त्याने भोकं बुजतात, हवा खेळत नाही, ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. घरात सीओ अलार्म आहे ना तेही बघा.

नाशिकचा_पाव:
इथे भारतातल्या वाचणाऱ्यांसाठी लिहितो कारण आपल्याकडच्या कुकिंग रेंजचं दुखणं बहुतेक वेळा वेगळं असतं. माझा घरगुती बेकिंगचा व्यवसाय आहे, सिलिंडरवरचा ओव्हन. ह्यात तापणारी कांडी नसते, नॉब दाबून धरायचा, स्पार्क नाहीतर लायटर लावायचा आणि पेटल्यावरही दहा-पंधरा सेकंद दाबूनच ठेवायचा. बाबूराव म्हणतायत तो हाच प्रकार. दार मात्र पेटवताना उघडं पाहिजे, आणि पहिल्यांदा नाही पेटलं तर नॉब बंद करून पाच मिनिटं हवा जाऊ द्यायची मगच पुन्हा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी बसून राहतो.

नॉब सोडला की विझतं, ही तक्रार असेल तर थर्मोकपल बघा. ज्योतीत तापणारी ती तांब्याची बारीक सळई, तिच्या टोकात काही मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि त्यावर व्हॉल्व्ह उघडा राहतो. टोकावर काजळी धरली असेल किंवा ते ज्योतीतून बाजूला सरकलं असेल तर व्हॉल्व्ह धरत नाही. थंड असताना पॉलिश पेपरने हलकं घासायचं, टोक ज्योतीत येईल असं बसवायचं, मागचा नट सैल असेल तर हाताने घट्ट करून वर जरासाच पिळायचा. तरीही विझलं तर थर्मोकपल नवीन टाका, महाग नसतं. पण टेप लावून किंवा काडी खुपसून नॉब दाबून ठेवणारे मी बघितलेत, कृपा करून तसं करू नका, ज्योत विझली की गॅस बंद करणारी तेवढी एकच गोष्ट असते तिथे.

आणखी एक, सिलिंडरवरून पाइपच्या गॅसवर गेलेल्यांपैकी बरेच जण सांगतात की ओव्हन पेटतो पण तापत नाही. शेगडीचे जेट, म्हणजे गॅस जिथून सुटतो ती बारीक भोकाची तोंडं, बदलून घेतलेले असतात, ओव्हनचा जेट तसाच राहतो. एलपीजीच्या जेटचं भोक लहान असतं, त्यातून नॅचरल गॅस पुरेसा येत नाही, ज्योत मिणमिणती राहते. जेट बदलायला कंपनीचाच माणूस बोलवा, स्वतः भोक मोठं करत बसू नका. सिलिंडरचा वास आला तर रेग्युलेटर बंद करून १९०६ ह्या गॅस हेल्पलाइनला फोन.

रेवती_एडिसन:
पाना_पक्कड दादा, शेजाऱ्यांकडून क्लॅम्प मीटर आणला, रीडिंग २.७ च्या आसपास, त्याच्या वर जातच नव्हतं. मॉडेल नंबरवरून कांडी मागवली, काल नवऱ्याने बसवली. एक स्क्रू तुम्ही म्हणालात तसा हट्टी निघाला, रात्रभर तेल टाकून ठेवला तेव्हा सकाळी सुटला. आता मिनिटभराच्या आतच पेटतो, निळी ज्योत, आवाज नाही, वास नाही. तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही बोर्डाचे पैसे देऊन बसलो असतो, खरंच मनापासून आभार. फॉइलही काढलं. एकच विचारायचंय, आत थर्मामीटर ठेवला तर ३५० लावल्यावर कधी ३२० दाखवतो कधी ३७५, हे सेन्सरचं का?

पाना_पक्कड:
छान झालं ताई, काळजी वाटत होती. तो चढउतार नॉर्मल आहे, बर्नर पेटतो-विझतो तसं तापमान वरखाली जातं. प्रीहीट होऊन अर्धा तास जाऊ द्या, मग दर पाच मिनिटांनी आकडा लिहा, दार न उघडता काचेतूनच वाचा, आणि सरासरी काढा. ती ३५० च्या दहा-पंधरा अंशांत असेल तर काही करू नका. जास्त फरक असेल तर डिजिटल पॅनलच्या रेंजमध्ये तापमान जुळवायची सेटिंग असते, बहुतेकांत ३५ अंश वर किंवा खाली नेता येतं, कुठली बटणं दाबायची ते मॉडेलप्रमाणे बदलतं, मॅन्युअलमध्ये बघा. त्यापेक्षाही जास्त फरक आला तर प्लग काढून सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा, ओव्हन थंड असताना बऱ्याच मॉडेलमध्ये तो १०८० ते ११०० ओहमच्या आसपास असतो. रीडिंग इथे टाका, मग पुढचं सांगतो.