मदत हवी आहे: यीस्टवर वाढणाऱ्या आर्टेमियाच्या अळ्यांचे आतडे कसे तपासावे?

मी ऐरोलीला राहतो आणि महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी आर्टेमियाच्या (खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारख्या छोट्या जीवाच्या) अळ्यांना बेकरीचे यीस्ट व हरित शैवाल असे दोन वेगळे आहार देऊन त्यांच्या आतड्याची वाढ पडताळत आहे. नुकतीच बाहेर पडलेली अळी तोंड व गुदद्वार बंद असल्यामुळे साठवलेल्या बलकावरच जगते. पुढे कात टाकल्यावर ती 50 मायक्रोमीटरपर्यंतचे कण गाळून खाऊ लागते, आणि यीस्टची पेशी त्या मापात सहज बसते.

खरी अडचण पचनाची आहे. यीस्टच्या पेशीभित्तिकेवरील मॅनोप्रोटीनचा (मॅनन ही शर्करेची साखळी जोडलेल्या प्रथिनांचा) थर पाचकरसांना सहजी दाद देत नाही, म्हणूनच मॅनन कमी असलेल्या उत्परिवर्तित यीस्टवर अळ्या अधिक चांगल्या वाढतात. माझ्याकडे यीस्टवरच्या अळ्यांचे आतडे पारदर्शक शरीरातून पांढरट, गच्च भरलेले दिसते, तरीही त्यांची लांबी शैवालावरच्या अळ्यांपेक्षा कमीच राहते. हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण भरलेले आतडे म्हणजे झालेले पोषण नव्हे.

मध्यांत्रातील (आतड्याच्या मधल्या भागातील) पेशींची उंची मोजण्यासाठी इतक्या लहान अळ्या पॅराफिनमध्ये (पातळ काप घेण्यासाठी वापरतात त्या मेणात) योग्य दिशेने कशा बसवाव्यात? पाण्यातील जिवाणूही अळ्यांच्या पोटात जात असल्याने जिवाणूमुक्त संवर्धनाशिवाय ही तुलना ग्राह्य धरता येईल का? ठाणे किंवा नवी मुंबईत विद्यार्थ्यांना मायक्रोटोम (असे पातळ काप करणारे यंत्र) वापरू देणारी प्रयोगशाळा माहीत असल्यास कृपया कळवावे.