मदत हवी आहे: संगणकापासून सोडवला की व्हॉइस रेकॉर्डर हँग होतो

नमस्कार. मी नाशिकरोडला राहतो आणि हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी पहाटे नांदूरमध्यमेश्वरला जाऊन पक्ष्यांचे आवाज टिपतो. एका पेन्सिल सेलवर चालणारा माझा छोटा रेकॉर्डर तिथल्या धुक्यात आणि गारठ्यात कधीही दगा देत नाही. मात्र घरी तो यूएसबी केबलने संगणकाला जोडून फाइली उतरवून घेतल्या आणि केबल काढली, की पडद्यावर वाळूच्या घड्याळाचे चिन्ह येते आणि तसेच राहते. कोणतेही बटण चालत नाही. अखेर सेल काढून परत घालावा लागतो. गेल्या रविवारी त्यात तारीखही पुसली गेली आणि चक्रवाकांच्या ध्वनिफिती चक्क १ जानेवारीच्या म्हणून नोंदल्या गेल्या.

केबल बदलून पाहिली, पोर्टही बदलला. मोबाइलच्या चार्जरला लावून काढला तर तो हँग होत नाही, त्यामुळे एमजी रोडवरच्या एका दुकानदाराने सुचवल्याप्रमाणे रेकॉर्डरच्या आतला सर्किट बोर्डच थेट बदलणे मला पटत नाही. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ (केबल कधीही काढता यावी अशी सोय) मुळातच चालू असते असे वाचल्यामुळे मी ‘इजेक्ट’ (काढण्याआधी संगणकाला द्यायची आज्ञा) न करता केबल सरळ ओढतो. माझे काही चुकते आहे का?

प्रतिसाद:
बोर्ड बदलू नका. संगणकाला जोडल्यावर असे रेकॉर्डर आपली साठवण पेनड्राइव्हसारखी संगणकाच्या हवाली करतात आणि तेवढा वेळ स्वतः तिला हात लावत नाहीत, कारण फॅट (FAT) या फाइली नोंदवण्याच्या पद्धतीत दोघांनी एकाच वेळी लिहिले तर सगळाच घोळ होतो. केबल निघाली की रेकॉर्डर साठवण परत ताब्यात घेऊन सर्व फोल्डर नव्याने वाचतो. त्या वाचनात एखादी अर्धवट नोंद आडवी आली आणि फर्मवेअरमध्ये (रेकॉर्डरच्या आतल्या प्रणालीत) त्यातून सुटण्याची सोय नसली, तर तो तिथेच अडकतो. चार्जरला साठवण द्यावी लागत नाही, म्हणून तिथे हा प्रकार घडत नाही. ‘क्विक रिमूव्हल’मुळे संगणक लेखन साचवून ठेवत नाही हे खरे, पण ‘आता मी सोडतो’ असा निरोप रेकॉर्डरला ‘इजेक्ट’नेच मिळतो.

दुसरी शक्यता सेलची. केबल काढताच यूएसबीचा ५ व्होल्टचा पुरवठा तुटून सगळा भार त्या एका सेलवर येतो, आणि सेल उतरलेला असेल तर नेमक्या त्याच क्षणी वाचन अडखळते. आधी नवा सेल घालून पाहा. तरीही तसेच झाले, तर फाइली संगणकावर घेऊन चेकडिस्क (विंडोजमधली साठवण तपासण्याची सोय) चालवा आणि नंतर रेकॉर्डरच्याच मेनूतून फॉरमॅट करा, संगणकावरून नव्हे. तो कधी मॅकला जोडला होता का? मॅक स्वतःच्या लपलेल्या फाइली टाकून ठेवतो.

मूळ प्रश्नकर्ता:
आभारी आहे. नव्या सेलनेही तेच झाले. दिवाळीत पुतण्याने रेकॉर्डर त्याच्या मॅकला लावला होता हे आत्ता आठवले, आणि चेकडिस्कलाही दोन तुटक्या नोंदी सापडल्या. फॉरमॅटनंतर ‘इजेक्ट’ करून तीनदा केबल काढली. तिन्ही वेळा रेकॉर्डर व्यवस्थित चालू राहिला. चौथ्यांदा मुद्दाम सरळ ओढली, तेव्हा वाळूचे घड्याळ बराच वेळ दिसले, पण या वेळी आपोआप गेले. तारीख मात्र सेल बदलताना पुन्हा पुसली गेली. तारीख जपणारी आतली छोटी बॅटरी संपली असेल, तर ती घरी बदलता येते का?