ऑरेंज ज्यूलियस : ताजा रस की डब्यातला?

न्यूजर्सीची_सुगरण : ऑरेंज ज्यूलियस म्हणजे संत्र्याचं फेसाळ अमेरिकन पेय. त्यावर काल 'कोथरूडकर' लिहून गेले, "ऑरेंज ज्यूलियसला गोठवलेलं कॉन्सन्ट्रेट (डब्यातला आटवलेला रस) म्हणजे शुद्ध आळस. ताजा रस, दूध, साखर, व्हॅनिला, बर्फ फिरवा, झालं." कसलं झालं! ताज्या रसात आधीच पाणी, त्यात दूध, वर बर्फ. माझ्या मुलाने घोटभर पिऊन विचारलं, "आई, यात संत्रं आहे?" कॉन्सन्ट्रेटचा छोटा डबा (साधारण 180 मिली), 1 कप दूध, 1 कप पाणी, पाव कप साखर, चमचाभर व्हॅनिला, 8-10 बर्फाचे खडे. फेस असा येतो.

कोथरूडकर : ताई, इतिहास सोयीपुरताच का? हे पेय ज्याच्या नावाचं, त्या ज्यूलियस फ्रीडचं लॉस एंजेलिसचं दुकान 1926चं. गोठवलेलं कॉन्सन्ट्रेट बाजारात आलं दुसऱ्या महायुद्धानंतर. तोवर लोक काय पीत होते? आणि जुन्या कृतीतला फेस अंड्याच्या पांढऱ्याचा.

उगाच_एक : अंडं?? मी चतुर्थीला चालेल म्हणून वाचत होतो!

वऱ्हाडी_मिरची : ताजा रस, ताजा रस काय करून राहिले भाऊ? तुमच्याकडे गाडीवर 'नागपुरी' म्हणून जे मिळते ते पुष्कळदा किन्नो असते, संत्र्यासारखंच पण संकरित फळ. साल घट्ट, बिया ढीगभर. बियांसकट मिक्सर फिरवला की कडू होणारच, मग नाव आमच्या संत्र्याचं खराब. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला जीआय (भौगोलिक ओळखीचा दर्जा) मिळाला, पण काकांच्या बागेतला आंबिया बहाराचा (संत्र्याच्या एका हंगामाचा) माल व्यापारी अजून मातीमोल भावानं उचलतो.

न्यूजर्सीची_सुगरण : किन्नोही इथलाच बरं का, कॅलिफोर्नियात तयार झालेला.

वऱ्हाडी_मिरची : मग घेऊन जा ना परत!

कोथरूडकर : धागा पेयाचा आहे. संत्र्याचं राजकारण इथे नको.

वऱ्हाडी_मिरची : वा! हापूस महागला की पहिल्या पानावर बातमी, आमचा भाव काढला की राजकारण.

न्यूजर्सीची_सुगरण : अंड्याचं मान्य, बसा खूश. पण कच्चं अंडं मुलांना देणार? साल्मोनेला (कच्च्या अंड्यातून पोट बिघडवणारा जंतू) ऐकलंय का? इथे अंड्याच्या पांढऱ्याची पाश्चराइज केलेली भुकटी मिळते, ती घाला हवं तर.

कोथरूडकर : भुकटी नको आणि तुमचा डबाही नको. पाण्याऐवजी रसाचेच खडे गोठवा, पातळ होत नाही.

न्यूजर्सीची_सुगरण : म्हणजे गोठवलेलाच रस की! काल हाच आळस होता ना?

कोथरूडकर : घरच्या फ्रीजरमधला आणि कारखान्यातला, फरक असतो.

वऱ्हाडी_मिरची : गोठवा काय गोठवायचं ते. बिया तेवढ्या आधी काढा.