मदत हवी आहे : आईच्या डोळ्याच्या पडद्याला सूज, इंजेक्शनांचा अनुभव सांगा (इंदूर)

नमस्कार मंडळी. आईला जुना मधुमेह आहे, मोतीबिंदू आधीच काढलाय. हल्ली डावा डोळा झाकला की तिला दाराची चौकट मध्येच वाकलेली दिसते, पोथीतली अक्षरं पुसल्यासारखी होतात. कडेचं मात्र सगळं दिसतं. पोह्यांवर शेव कमी पडली तर लगेच कळतं! ओसीटीत (डोळ्याच्या पडद्याचं स्कॅन) मॅक्युलाला, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाला सूज निघाली. साखरेनं बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, त्याची ही सूज. चष्मा बदलून उपयोग नाही म्हणे. डोळ्यात अँटी-व्हीईजीएफ (रक्तवाहिन्यांचं झिरपणं कमी करणारी) इंजेक्शनं सांगितली आहेत, सुरुवातीला दर महिन्याला.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया सांगा : इंजेक्शनं किती काळ चालली? नजर सुधारली, की आहे ती टिकली? या इंजेक्शनांत बेव्हॅसिझुमॅब हे औषध बरंच स्वस्त पडतं, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट महाग. तुमच्या डॉक्टरांनी कोणतं निवडलं आणि का? आई सुईच्या नावानंच घाबरली आहे. थेंब टाकून डोळा बधिर करतात हे सांगून झालं, पण कुणी स्वतः घेतलेलं असेल तर तिच्याशी फोनवर बोलाल का?

इंदुरात दुसरं मत घ्यायला रेटिनाचे (पडद्याचे) चांगले डॉक्टरही सुचवा. घरगुती थेंब नकोत, ते मावशीनं आधीच पाठवलेत.