'अशुद्ध रक्त' म्हणजे नक्की कुठलं?

कृष्णाकाठ: शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय, धमनीत शुद्ध रक्त आणि शिरेत अशुद्ध, चित्रात एक तांबडं एक निळं. आता 'ऑक्सिजनयुक्त' आणि 'ऑक्सिजनविरहित' असंही वाचायला मिळतं. यातला कुठला शब्द धरायचा? आणि पुळ्या आल्या की घरातली मोठी माणसं म्हणतात रक्त अशुद्ध झालंय, ते अशुद्ध आणि हे अशुद्ध एकच का?

पाटीपेन्सिल: नाही, दोन्ही वेगळे. पुळ्यांचं ते रक्तदुष्टीच्या जुन्या कल्पनेतून आलंय. शाळेतलं अशुद्ध म्हणजे फक्त ऑक्सिजन कमी असलेलं रक्त, त्यात घाण काही नसते, म्हणून मला तो शब्द अजिबात पटत नाही. पण 'विरहित' तर त्याहून चूक आहे! माणूस नुसता बसलेला असताना शिरांतून हृदयाकडे परत येणाऱ्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने साधारण ७५ टक्के भरलेलंच असतं, धमनीत ९७-९८ असतं, म्हणजे एका फेरीत जेमतेम पाव हिस्सा उतरतो. निळं तर ते कधीच नसतं. तपासणीला हातातून काढतात ते शिरेतलंच की, नळीत बघा, काळपट लाल दिसतं. मी सरळ 'कमी ऑक्सिजनचं रक्त' म्हणते.

नीलमोहर: मग उरलेला ७५ टक्के तसाच कशाला फिरवायचा?

पाटीपेन्सिल: तो राखीव. जिना चढायला लागलात की मांडीच्या स्नायूत उष्णता वाढते, कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता वाढते आणि नेमक्या त्याच कारणाने हिमोग्लोबिनची पकड तिथे सैल होते, जास्त ऑक्सिजन सुटतो. यातला कार्बन डायऑक्साइडचा परिणाम डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्रिस्टियन बोर यांनी १९०४ मध्ये दाखवला. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत हीम नावाचे चार गट असतात, प्रत्येकात लोहाचा एक अणू आणि त्यावर ऑक्सिजनचा एक रेणू. पहिला बसायला वेळ लागतो, तो बसला की रेणूचा आकार बदलतो आणि पुढचे पटापट बसतात, उतरतानाही एक उतरला की बाकीचे सुटायला सोपे. आणि याला 'ऑक्सिडीकरण' म्हणू नका बरं का, बरेच जण लिहितात. लोहाचं ऑक्सिडीकरण झालं तर ते हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरायच्या कामाचंच राहत नाही. जुन्या मराठी लिखाणात हिमोग्लोबिनला 'रक्तारुण' म्हटलेलं सापडतं, मला फार आवडतो तो शब्द, पण बोलताना सगळे एचबीच म्हणतात.

कृष्णाकाठ: एचबीवरून आठवलं, आमच्या शेजारच्या काकूंचं एचबी ७ आलंय आणि बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९८ दाखवतोय. त्या म्हणतात ऑक्सिजन चांगलाय तर लोहाच्या गोळ्या कशाला.

पाटीपेन्सिल: दादा, त्यांना आधी हे सांगा. ऑक्सिमीटर एसटीतल्या किती सीट भरल्यात तेवढंच सांगतो, आगारात गाड्या किती आहेत ते नाही. १ ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन धरतं. एचबी १४ म्हणजे १०० मिली रक्तात १४ ग्रॅम, तेवढं असेल तर त्या १०० मिलीत ऑक्सिजन १८ मिलीच्या आसपास, ७ असेल तर ९ मिली, आणि मशीनवर दोघांचंही ९८! रक्तात नुसता विरघळून जाणारा ऑक्सिजन ०.३ मिलीच, त्यावर कुणी जगत नाही. म्हणून जिन्यात दम लागतो, छाती धडधडते, कारण हृदयाला तेच रक्त जास्त वेळा फिरवावं लागतं.

नीलमोहर: याला पांडुरोग म्हणायचं की रक्तक्षय? आमच्याकडे 'अंगात रक्त नाही' म्हणतात.

पाटीपेन्सिल: पांडुरोग बरा वाटतो, फिकटपणा त्यात आहेच, पापणीच्या आतली बाजू ओढून बघितली की लगेच कळतो. रक्तक्षय म्हटलं की लोकांना रक्तच आटलंय असं वाटतं, पण बहुतेकदा रक्त जेवढ्यास तेवढं असतं, त्यातलं हिमोग्लोबिन कमी झालेलं असतं. बाईचं १२ च्या खाली, गरोदर असेल तर ११ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. काकूंना डॉक्टरांकडे न्याच, ७ म्हणजे बरंच कमी झालं आणि ते का कमी झालं हेही शोधावं लागेल, पाळीत जास्त जातं का, मूळव्याध आहे का, सगळं विचारतील ते.

कृष्णाकाठ: उद्याच नेतो. गोळ्या चालूच ठेवायला सांगतो तोवर.

पाटीपेन्सिल: हो, आणि गोळीबरोबर चहा नको, लोह नीट शोषलं जात नाही. लिंबूपाणी चालेल.