चिंग राजवट बुडाली ती सुधारणा टाळल्यामुळे, की सुधारणेचा पैसा परक्यांच्या हाती गेल्यामुळे?

शिलालेख (धाग्याचा प्रस्ताव):

१९०१ ते १९११ या दहा वर्षांत चीनच्या चिंग (मांचू राजघराण्याच्या) दरबाराने जे केले, त्याची बोळवण बहुधा ‘मरणासन्न राजवटीची अखेरची धडपड’ या शब्दांत केली जाते. मला हे मुळीच मान्य नाही. या दशकात शतकानुशतके चालत आलेली राजसेवा परीक्षा १९०५ मध्ये बंद झाली, परराष्ट्र व वाणिज्य अशी नवी खाती उभी राहिली, प्रांतोप्रांती नव्या पद्धतीच्या शाळा आणि लष्करी तुकड्या निघाल्या, आणि १९०९ मध्ये प्रांतिक सभा निवडल्या गेल्या. ज्या परीक्षेवर संपूर्ण सुशिक्षित वर्गाची प्रतिष्ठा उभी होती ती एका फर्मानाने रद्द करणे हे दुबळ्या मनाचे काम नव्हे.

मग हे सारे फसले कशाने? माझे उत्तर तिजोरीत आहे. जपानशी युद्ध हरल्यावर झालेल्या १८९५ च्या शिमोनोसेकी तहाने चीनवर २० कोटी ताएल (ताएल म्हणजे चिनी वजनाचे माप) चांदीची खंडणी लादली गेली आणि ल्याओतुंग द्वीपकल्प परत मिळवण्यासाठी आणखी ३ कोटी मोजावे लागले. त्या काळी पेकिंगच्या हिशेबातला वार्षिक महसूल जेमतेम ८ ते ९ कोटी ताएल होता. साहजिकच युरोपीय बँकांकडून कर्ज आले आणि तारण म्हणून सागरी जकात गेली. पुढे परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावानंतरच्या १९०१ च्या करारात ४५ कोटी ताएलांची भर पडली. ३९ वर्षांच्या हप्त्यांत व्याज धरून तो आकडा ९८ कोटींवर जात होता. त्यातच आयातीवरचा कर तहाने ५ टक्क्यांवर बांधलेला, म्हणजे उत्पन्न वाढवण्याची सर्वांत सोपी वाटही बंद. अशा स्थितीत नव्या शाळेचा, नव्या पोलिसाचा, नव्या पलटणीचा खर्च प्रांतांवर आणि शेवटी खेड्यातल्या शेतकऱ्यावर पडला. सुधारणा त्याच्या दारी पोहोचली ती नव्या कराच्या रूपाने.

नदीकाठ:

आपण दिलेले आकडे बरोबर आहेत. निष्कर्ष मात्र मला पटत नाही. १८९५ च्या खंडणीने चीनला खिळखिळे केले हे खरे, पण ती खंडणी देण्याची वेळ का आली, हा प्रश्न आपण वगळला आहे. १८६० नंतर चीनला तीस वर्षे मिळाली होती. शांघायचा च्यांगनान शस्त्र-कारखाना १८६५ चा, फूचौची गोदी १८६६ ची. गोदीच्या परिसरातच १८८४ मध्ये फ्रेंचांनी चिनी जहाजे बुडवली, तेव्हा उत्तरेकडच्या ताफ्यातून पुरेशी मदत आली नाही, कारण तो ताफा व्यवहारात उत्तरेचा बडा प्रांताधिकारी ली हुंग-चांग याचा होता आणि दक्षिणेचा दुसऱ्याचा. एका राज्यात दोन-तीन आरमारे, आणि प्रत्येकाचा पैसा निरनिराळ्या जकातीतून. १८९४ मध्ये जपानशी लढलेही मुख्यतः लीचेच आरमार.

जपानवरही असमान तह होते आणि १८६६ पासून त्याचाही आयातकर ५ टक्क्यांवरच बांधलेला होता. तरी त्या देशाने १८७१ मध्ये सरंजामी जहागिरी मोडल्या, १८७३ मध्ये जमिनीच्या किमतीवर ३ टक्के रोख कर बसवला आणि १८७६ मध्ये सामुराईंचे तनखे संपवले. चीनमध्ये माणशी कराची रक्कम १७१२ पासून गोठवलेली होती. पुढे ती जमीनकरातच मिसळली आणि लोकसंख्या कित्येक पटींनी वाढूनही दरबाराने त्याला हात लावण्याचे धाडस केले नाही. जमिनीची नवी मोजणी झाली नाही. १८५३ मध्ये देशांतर्गत थायपिंग बंडाशी लढण्यासाठी लिकिन नावाची अंतर्गत जकात सुरू झाली, ती प्रांताधिकाऱ्यांच्या हाती राहिली. तिजोरी परक्यांनी रिकामी केली त्याच्या आधीच ती वाटली गेली होती.

शिलालेख:

जपानच्या तुलनेत एक मोठी विसंगती राहते. १८९५ नंतर जपानच्या सुवर्णचलनाला आणि यावाता येथील पोलाद कारखान्याला जो पैसा लागला, त्याचा मोठा भाग चीनकडून मिळालेल्या खंडणीचा होता. एकाच पैशाने एक राज्य घडवले आणि दुसरे मोडले. तेव्हा त्या वर्षानंतर दोघांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

शिवाय दरबाराची क्षमता शून्य होती असे म्हणणाऱ्यांनी अफूबंदीकडे पाहावे. ही अफू आपल्यालाही परकी नाही, कारण माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनकडे जात असे आणि मुंबईतील कित्येक पेढ्या तिच्यावर श्रीमंत झाल्या. १९०६ च्या फर्मानाने दहा वर्षांत अफू संपवण्याचा निश्चय जाहीर झाला आणि १९०७ मध्ये ब्रिटनने हिंदुस्थानी अफूची निर्यात दरवर्षी एक दशांशाने घटवण्याचे मान्य केले, मात्र चीनने स्वतःची लागवड त्याच वेगाने कमी करण्याच्या अटीवर. चीनने ती अट इतकी पाळली की १९११ च्या करारात, ज्या प्रांतात लागवड थांबली तिथे हिंदुस्थानी अफू नाकारण्याचा हक्क त्याला मिळाला. गावागावातील पिके उपटून टाकणारे राज्य निष्प्राण असू शकत नाही.

नदीकाठ:

अफूचा मुद्दा मी मोकळेपणाने मान्य करतो. तो माझ्या मांडणीत बसत नाही आणि त्याचा विचार मला करावा लागेल. पण त्याच अफूबंदीत दरबाराला प्रांतांतील प्रतिष्ठित मंडळींची साथ होती. ती साथ जिथे सुटली तिथे काय झाले, ते १९११ च्या मे महिन्यात दिसते. ८ मे रोजी नवे मंत्रिमंडळ जाहीर झाले. १३ सदस्यांत हान (बहुसंख्याक) चिनी फक्त ४, बाकी बहुतेक राज्यकर्त्या मांचू जमातीचे आणि त्यांतही राजकुलातलेच अधिक. ९ मे रोजी मुख्य रेल्वेमार्ग सरकारजमा करण्याचे फर्मान निघाले आणि लगेच परकीय बँकांच्या गटाकडून त्यासाठी कर्ज घेतले गेले. सचुआन प्रांतात रेल्वेचे भांडवल जमिनीच्या खंडावर (भाड्यावर) बसवलेल्या अधिभारातून उभे राहिले होते, म्हणजे हजारो जमीनमालकांचा पैसा त्यात अडकला होता. निषेध उसळला, तो दाबण्यासाठी हूपे प्रांताची फौज तिकडे गेली, आणि १० ऑक्टोबरला त्याच प्रांतातल्या वूचांगमध्ये उरलेल्या नव्या फौजेनेच बंड केले.

प्रांतिक सभांनी १९१० मध्ये संसद लवकर बोलवा म्हणून अर्जावर अर्ज केले होते. दरबाराने १९१६ ऐवजी १९१३ असे उत्तर दिले आणि सत्ता मात्र राजकुलाकडे ओढली. कांग यू-वेई व ल्यांग छी-छाओ हे सुधारक १८९८ पासून संविधानाची मागणी करत होते. त्या वर्षी शंभर दिवसांच्या सुधारणा राजमाता त्सशीने मोडल्या आणि थान स-थुंगसह सहा सुधारकांचा शिरच्छेद झाला. ज्यांना बरोबर घ्यायचे, त्यांनाच दूर लोटले गेले. याला खंडणी जबाबदार नाही.

जकातनाका:

आपण दोघेही राज्य म्हणजे दरबार असे धरून चालला आहात. माझा भर राज्याच्या यंत्रणेवर आहे. चीनमधील सर्वांत शिस्तबद्ध खाते सागरी जकातीचे होते, आणि त्याचा प्रमुख १८६३ पासून जवळजवळ अर्धशतक रॉबर्ट हार्ट हा आयरिश गृहस्थ होता. नोकर चीन सरकारचा, पण नेमणुकीत ब्रिटिश व्यापाराचे वजन. या खात्याने प्रामाणिक हिशेब दिले, दीपगृहे बांधली, टपालसेवा सुरू केली, आणि दुभाष्यांच्या शाळेचा खर्चही जकातीतूनच निघे. तरीही त्याच्या कार्यक्षमतेमुळेच ते परक्या सावकारांना उत्तम तारण वाटले. जितके नीट उत्पन्न, तितके ते लवकर गहाण.

राजवट गेल्यावरही हाच क्रम चालू राहिला. १९१३ मध्ये नव्या प्रजासत्ताकाचा अध्यक्ष युआन शिकाईने अडीच कोटी पौंडांचे कर्ज काढले, तेव्हा मिठाचे उत्पन्न तारण दिले गेले आणि त्या खात्याची घडी बसवायला सर रिचर्ड डेन आला, जो हिंदुस्थानात मीठ व अबकारी खात्याचा मुख्य निरीक्षक राहिला होता. इथल्या मिठागरांवर बसवलेली शिस्त तिथे पोहोचली. मीठकराचे उत्पन्न कमालीचे वाढले आणि हप्ते फेडून उरलेली रक्कम पेकिंगला मिळू लागली, पण ती आधी परकीय बँकांच्या खात्यांतून जाई.

नदीकाठ:

मग आपल्या मते परकीय देखरेखीखाली उभे राहिलेले खाते चीनच्या राज्याचे मानायचे की नाही?

जकातनाका:

मानायचे. १९२८ ते १९३० दरम्यान नानकिंगच्या नव्या राष्ट्रवादी सरकारने स्वतःचे आयातकर ठरवण्याचा हक्क परत मिळवला, तेव्हा तो बजावायला हेच जकात खाते तयार होते. कारकून, नकाशे, गोदामे, हिशेबाच्या वह्या, सगळे जागच्या जागी. हार्टच्या काळात भरती झालेल्या चिनी कर्मचाऱ्यांपैकी फार थोड्यांना वरिष्ठ पदे मिळाली होती, आणि त्यांच्यावरील तो अन्याय दूर करण्याचे काम त्यानंतर सुरू झाले.