शब्दचर्चा : 'टिक'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
माझा भाचा तिसरीत आहे. डोळे जोरात मिचकावतो, मान झटकतो, मधूनच घसा खाकरल्यासारखा आवाज येतो. डॉक्टरांनी टूरेट सिंड्रोम असल्याचं सांगितलंय. वर्गातल्या पालकांसाठी बहीण आणि मी अर्ध्या पानाची माहिती मराठीत लिहितोय, पण 'टिक' (अशी आपोआप होणारी हालचाल किंवा आवाज) या शब्दाशीच अडलंय. घरात 'चाळे' म्हणतात, शाळेत 'खोड', शेजारी 'झटके'. योग्य शब्द कोणता?

प्रतिसाद
'आचके' कसा वाटतो? जुना आणि अस्सल आहे.

प्रतिसाद
आचके नको हो. 'शेवटचे आचके' कानात इतकं बसलंय की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येईल. 'झटके'ही नको, लोकांना ती फिट वाटते आणि कुणीतरी कांदा हुंगवायला धावतं. टिकमध्ये शुद्ध हरपत नाही.

प्रतिसाद
मला स्वतःला लहानपणापासून टिक्स आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नामापेक्षा क्रियापद सांभाळा, ताई. चाळे माणूस 'करतो'. खोड त्याला 'असते' आणि ती 'मोडायची' असते, म्हणजे शिक्षा ओघाने आलीच. शिंक मात्र 'येते', उचकी 'लागते', आणि त्यासाठी कुणी कुणाला रागावत नाही. म्हणून 'तो टिक करतो' असं लिहू नका, 'त्याला टिक येते' लिहा. मी मान झटकली की आमच्या एका सरांना मी त्यांना वेडावतोय असं वाटायचं. 'येते' हे क्रियापद त्यांच्या कानावर पडलं असतं तर माझी दोन वर्षं बरी गेली असती.

टिकच्या आधी बहुतेकांना आत काहीतरी दाटल्यासारखं होतं आणि टिक आली की क्षणभर मोकळं वाटतं. त्यासाठी 'उबळ' हा आपला शब्द चपखल आहे. उबळ थोडा वेळ दाबता येते, पण त्यात सगळं लक्ष खर्ची पडतं. शाळेत दाबून ठेवलेलं घरी आल्यावर उफाळतं आणि मग ऐकावं लागतं, "तिथे थांबवतोस, मग इथेच का?" हे पत्रकात जरूर घाला. थकवा, ताण, परीक्षा आणि सारखं टोकणं यांनी टिक्स वाढतात.

प्रतिसाद
पण उपचाराचं नाव 'हॅबिट रिव्हर्सल' आहे ना? मग 'सवय' का नाही?

प्रतिसाद
नावापुरतंच. त्यात उबळ ओळखायला आणि टिकला अडवणारी दुसरी हालचाल करायला शिकवतात. 'सवय' म्हटलं की लोक म्हणणार, सोडून दे.

मी 'टिक' हाच शब्द ठेवीन, स्त्रीलिंगी. अनेकवचन मात्र 'टिक्स'. 'टिका' केलंत तर ती 'टीका' वाचली जाईल. 'टूरेट' हे आडनाव आहे. जॉर्ज जिल द ला टूरेट या फ्रेंच डॉक्टरांनी 1885 मध्ये नऊ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली आणि त्यांचे गुरू शार्को यांनी विकाराला त्यांचं नाव दिलं. टूरेटमध्ये तोंडून नकळत शिव्या निघणं थोड्यांच्याच बाबतीत घडतं, तेही स्पष्ट लिहा. टिक्स बहुधा 10 ते 12 व्या वर्षी सर्वाधिक असतात आणि पुढे अनेकांच्या कमी होतात.

प्रतिसाद
लोकांनी काय करायचं, याचं उदाहरण इंग्लंडमधल्या 2023 च्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवात दिसलं. गायक लुईस कपाल्डी यांना टिक्समुळे आणि बसलेल्या आवाजामुळे गाता येईना, तेव्हा समोरच्या हजारोंनी गाणं उचलून धरलं.

मूळ प्रश्नकर्ती
मनापासून आभार. असं लिहिलंय : "आमचा मुलगा टूरेटने ग्रस्त आहे. त्याला टिक्स येतात, तो त्या मुद्दाम करत नाही. कृपया दुर्लक्ष करावे."

प्रतिसाद
'ग्रस्त' काढा, 'मुलाला टूरेट आहे' पुरेसं आहे. आणि नुसतं 'दुर्लक्ष करावे' वाचून मुलं त्याच्याशी बोलणंच सोडतील. त्याऐवजी लिहा : "टिक आली तरी खेळ आणि बोलणं चालू ठेवा."